उष्णता आणि ओलावा न सोसणारी रसायने प्रयोगशाळेत कशी सांभाळावीत

प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या हातून एनएडीएच या, विकरांच्या (एन्झाइमांच्या) चाचण्यांत लागणाऱ्या पावडरची एक बाटली वाया गेली. ती उणे २० अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये, लेबलावर सांगितल्याप्रमाणे, सिलिका जेलच्या सोबतीने आणि घट्ट झाकण लावून ठेवलेली होती. म्हणजे साठवणीत काहीच चूक नव्हती. घाई होती म्हणून मी ती फ्रीझरमधून काढून तशीच वजनकाट्याजवळ नेली आणि उघडली. काचेवर बाहेरून दव धरलेले मला दिसत होते, पण तेच दव आतल्या पावडरवरही धरत असणार, हे त्या वेळी सुचले नाही. पुढच्या खेपेला बाटली काढली तेव्हा पावडर स्पॅच्युलाला (पावडर काढायच्या चपट्या चमच्याला) चिकटत होती, तळाशी तिचा खडा झाला होता, आणि तिच्या द्रावणाचे ३४० नॅनोमीटरवरचे शोषण अपेक्षेच्या आसपासही येत नव्हते.

त्यानंतर बिघडलेल्या बाटल्यांची कारणे मी नोंदवून ठेवू लागले, आणि माझे मत असे झाले आहे की कपाटात किंवा फ्रिजमध्ये पडून राहिल्यामुळे रसायने जितकी बिघडतात, त्यापेक्षा जास्त ती उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या दोन मिनिटांत बिघडतात. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये जागेइतकाच भर हाताळणीवर दिला आहे.

१. आधी यादी करा आणि प्रत्येक रसायनाचा शत्रू ओळखा

तुमच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक बाटलीचे एसडीएस, म्हणजेच सुरक्षा माहितीपत्रक, मिळवा. त्यात ठरावीक १६ विभाग असतात. साठवणीसाठी विभाग २ (धोके), विभाग ७ (हाताळणी व साठवण) आणि विभाग १० (स्थैर्य व अभिक्रियाशीलता) हे तीन नीट वाचा. वितळणबिंदू, उत्कलनबिंदू आणि ज्वलनांक (ज्या किमान तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) विभाग ९ मध्ये सापडतात. लेबलावरचे संकेतांकही बोलके असतात. एच२६० किंवा एच२६१ लिहिलेले असेल, तर पाण्याशी संपर्क आल्यावर ज्वलनशील वायू सुटतो. एच२४० ते एच२४२ या संकेतांकांचा अर्थ तापवल्यास स्फोट होऊ शकतो किंवा आग लागू शकते असा आहे. पी४०२ म्हणजे कोरड्या जागी ठेवा, पी२३५ म्हणजे थंड ठेवा आणि पी४११ च्या पुढे कमाल तापमान दिलेले असते.

यादी करताना ‘ओलावा नको’ एवढेच लिहून थांबू नका, कारण ओलाव्याने होणारे नुकसान दोन अगदी वेगळ्या प्रकारचे असते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांना किंवा निर्जल कॅल्शियम क्लोराइडला पाणी सुटते, त्यांचे ढेकूळ होते आणि वजन चुकते. इथे प्रयोग बिघडतो. लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड, सोडियम हायड्राइड, कॅल्शियम कार्बाइड, फॉस्फरस पेंटाक्लोराइड, थायोनिल क्लोराइड किंवा टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांच्यापर्यंत ओलावा पोहोचला, तर हायड्रोजन, ॲसिटिलीन किंवा हायड्रोजन क्लोराइडसारखा वायू सुटतो. इथे माणसाला इजा होते. पहिल्या प्रकाराला चांगले झाकण आणि डेसिकेटर (ओलावा शोषणारे द्रव्य घातलेले, घट्ट झाकणाचे भांडे) पुरतो. दुसऱ्या प्रकाराला वेगळी जागा, वेगळी साधने आणि आग लागल्यास काय करायचे याची तयारी लागते.

उष्णतेचेही तसेच आहे. एआयबीएन (पॉलिमर बनवताना लागणारे एक रसायन) किंवा सेंद्रिय पेरॉक्साइडे गरम झाल्यावर विघटित होतात, आणि त्या विघटनातूनच आणखी उष्णता निघते. डायएथिल ईथरचे तसे विघटन होत नाही, परंतु त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश असल्यामुळे उकाड्यात बाटलीतला दाब वाढतो. विकरांचे मात्र काहीच दिसत नाही. ती दिसायला जशीच्या तशी राहतात आणि निमूटपणे निकामी होतात.

२. लागणारी कागदपत्रे आणि साधने

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय मांडणी सुरू करू नये:

- सर्व रसायनांची सुरक्षा माहितीपत्रके, शक्यतो छापील स्वरूपात, कारण संगणक बंद असतानाच त्यांची गरज पडते
- साठ्याची नोंदवही आणि न पुसणाऱ्या शाईचे पेन
- कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक, प्रत्येक फ्रिज आणि फ्रीझरसाठी एक
- आर्द्रतामापक, कपाटासाठी एक आणि मोठ्या डेसिकेटरसाठी एक
- डेसिकेटर, व्हॅक्यूम ग्रीस, रंग बदलणारे सिलिका जेल
- टेफ्लॉन टेप, पॅराफिल्म (झाकणावर ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी), छोट्या काचेच्या कुप्या
- गळती अडवणारे ट्रे, रसायनाला दाद देणार नाहीत अशा प्लास्टिकचे
- आर्गॉन किंवा नायट्रोजनची जोडणी, कोरड्या सिरिंजा आणि सुया
- कोरडी वाळू आणि धातूंच्या आगीसाठीचे, म्हणजे डी वर्गाचे, अग्निशामक

३. जागा ठरवा

वर्णानुक्रमाने बाटल्या लावणे नवख्या माणसाला शिस्तीचे वाटते, पण तो मोठा सापळा आहे. नावे शेजारी येतात म्हणून ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर बसतात. त्यातले पहिले ज्वलनशील आहे आणि दुसरे ऑक्सिडीकारक. आधी धोक्यानुसार गट करा आणि मग हवे तर गटाच्या आत वर्णानुक्रम लावा.

पाण्याशी अभिक्रिया करणाऱ्या रसायनांचे कपाट सिंकखाली, नळाच्या पाइपाजवळ, एअर कंडिशनरच्या पाणी टपकणाऱ्या नळीखाली किंवा फवारणी करणाऱ्या अग्निशमन यंत्रणेच्या थेट खाली नसावे. कपाटावर ‘येथे पाणी वापरू नये’ अशी ठळक पाटी लावा. ती तुमच्यासाठी नव्हे, तर रात्री आग विझवायला धावून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. उष्णतेला नाजूक असलेल्या बाटल्या खिडकीतल्या उन्हापासून, ओव्हनच्या वरच्या फळीपासून आणि फ्रिजच्या मागच्या गरम जाळीपासून दूर ठेवा. द्रवरूप रसायने नजरेच्या उंचीपेक्षा वर ठेवू नयेत.

४. झाकण, बूच आणि डेसिकेटर

मूळ बाटली आणि मूळ झाकण सहसा सर्वांत चांगले असते. झाकण लावण्यापूर्वी बाटलीच्या आट्यांवर सांडलेली पावडर कोरड्या टिश्यूने पुसून घ्या, कारण दोन कण जरी आट्यांत अडकले तरी झाकण घट्ट बसल्यासारखे वाटते आणि बसलेले नसते. पॅराफिल्मवर फार विसंबू नका. ती ओलावा कमी करते, पूर्ण थांबवत नाही, आणि सेंद्रिय द्रावकांच्या वाफेने मऊ पडते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आणि वरून पॅराफिल्म अशी जोडी बरी. सोडियम हायड्रॉक्साइडला काचेचे बूच कधीही लावू नये. ते बाटलीच्या मानेत असे अडकते की शेवटी बाटलीच फोडावी लागते.

एका बाटलीला मात्र घट्ट बंद करण्याचा उत्साह दाखवू नये. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमधून संथपणे ऑक्सिजन सुटत असतो, म्हणून तिचे झाकण वायू बाहेर सोडणारे असते. ते हरवले म्हणून दुसरे साधे झाकण लावणे किंवा वरून पॅराफिल्म गुंडाळणे म्हणजे दाब कोंडून ठेवणे होय.

डेसिकेटरच्या कडेला ग्रीसचा पातळ, पारदर्शक थर हवा. झाकण बसवून थोडे फिरवल्यावर कडा सगळीकडे सारखी चमकली पाहिजे आणि कुठेही पांढुरकी रेघ दिसता कामा नये. झाकण वर उचलायचे नसते, बाजूला सरकवायचे असते. ओव्हनमधून काढलेले भांडे लगेच आत ठेवून झाकण लावले, तर हवा प्रसरण पावून झाकण सरकते, आणि नंतर थंड होताना आत अंशतः निर्वात होऊन तेच झाकण हलेनासे होते. त्यामुळे मिनिटभर थांबून मग झाकावे.

निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते, नारिंगी जेल बहुधा हिरवे होते. निळ्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते आरोग्याला घातक मानले जाते, म्हणून नवीन खरेदी करताना नारिंगी घ्यावे. दोन्ही सुमारे ११० ते १२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येतात. मी डेसिकेटरवरच जेल बदलल्याची तारीख लिहिते, कारण रोज डोळ्यांसमोर असलेला गुलाबी रंग काही दिवसांनी डोळ्यांना दिसेनासा होतो.

द्रावक कोरडे ठेवण्यासाठी मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे, सूक्ष्म छिद्रांचे दाणे) वापरत असाल, तर डब्यातून काढून थेट बाटलीत टाकू नका. ते आधी २५० ते ३०० अंशांवर तापवून निष्क्रिय वायूखाली किंवा निर्वातात थंड करावे लागतात. मिथेनॉलसाठी ३ अँगस्ट्रॉमचे घ्या, कारण ४ अँगस्ट्रॉमच्या छिद्रांत पाण्याबरोबर मिथेनॉलही शिरते आणि सीव्ह वाया जातात.

५. थंड ठेवायचे, पण कुठे आणि किती

लेबलावरच्या तापमानाचे साधारण तीन टप्पे असतात: २ ते ८ अंश, उणे २० अंश आणि उणे ८० अंश. या आकड्यांकडे ‘निदान एवढे थंड’ अशा अर्थाने पाहणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ॲक्रिलिक ॲसिड सुमारे १३ अंशांना गोठते. ते गोठताना त्यातले बहुलकीकरण (रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या होणे) रोखणारे द्रव्य आणि विरघळलेला ऑक्सिजन न गोठलेल्या भागात ढकलले जातात, आणि स्फटिकांना कोणतेच संरक्षण उरत नाही. अशी बाटली कोणी घाईने गरम पाण्यात वितळवायला ठेवली, तर बहुलकीकरण अनावर होऊ शकते. म्हणून ते १५ ते २५ अंशांतच ठेवतात, आणि त्या रोखणाऱ्या द्रव्याला ऑक्सिजनची गरज असल्यामुळे त्यावर नायट्रोजन भरणेही चूक ठरते. फॉर्मलिन थंडीत गढूळ होते, कारण पॅराफॉर्मल्डिहाइड खाली बसते. डायमिथाइल सल्फॉक्साइड १८.५ अंशांना आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशांना गोठत असल्याने ती फ्रिजमध्ये ठेवण्यात काहीच हशील नाही.

‘जितके कोरडे तितके सुरक्षित’ हेही असेच फसवे आहे. पिक्रिक ॲसिडमध्ये वजनाने किमान ३० टक्के पाणी राखावे लागते. ते सुकले की स्फोटक होते. बेंझॉइल पेरॉक्साइडही सहसा सुमारे २५ टक्के पाण्यासह मिळते आणि ते पाणी मुद्दाम घातलेले असते. या बाटल्या डेसिकेटरमध्ये ठेवणाऱ्याला आपण काळजी घेतो आहोत असेच वाटत असते.

घरगुती फ्रिजमध्ये ईथर, पेंटेन किंवा अन्य ज्वलनशील द्रावक ठेवू नये. आतला दिवा, थर्मोस्टॅट आणि बर्फ वितळवणारी तार यांतून ठिणगी पडू शकते, आणि ईथरचा ज्वलनांक उणे ४५ अंश असल्यामुळे फ्रिजच्या थंडाव्यातही त्याची वाफ पेट घेण्याइतकी साचते. त्यासाठी आत ठिणगी न पडणारा, ज्वलनशील पदार्थांसाठीच बनवलेला फ्रिज लागतो.

फ्रीझरही निवडून घ्यावा. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये ठरावीक वेळाने तापमान वर-खाली होते. ते विकरांना मानवत नाही. दाराच्या खणांत तर नाजूक काही ठेवूच नये. तापमापकाचे टोक ग्लायकॉल भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा, म्हणजे दार उघडल्यावर हवेचे नव्हे, तर बाटल्यांचे तापमान कळते. खाण्याचे पदार्थ या फ्रिजमध्ये नकोत, हे लिहावे लागू नये. पण लिहावे लागते.

६. थंड बाटली उघडणे

ही पायरी वाचायला सर्वांत सोपी आणि पाळायला सर्वांत अवघड आहे. खोलीत २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे १७ अंश असतो. म्हणजे फ्रिजमधली प्रत्येक बाटली त्या हवेत आल्याबरोबर तिच्यावर पाणी धरणार. फ्रीझर तर दूरच राहिला.

बाटली काढा, बाहेरून पुसा आणि बंद स्थितीतच डेसिकेटरमध्ये ठेवा. छोट्या कुपीला अर्धा तास, १०० ग्रॅमच्या बाटलीला तास-दीड तास आणि अर्ध्या किलोच्या बाटलीला तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मी देते. घड्याळापेक्षा खात्रीची परीक्षा अशी की बाटली पुसून पाच मिनिटे उघड्या हवेत ठेवावी. काच पुन्हा धुरकट झाली, तर ती अजून थंड आहे. तोवर वजनाचा कागद, कोरडा स्पॅच्युला आणि घ्यायची कुपी मांडून ठेवा, म्हणजे झाकण उघडल्यानंतर शोधाशोध होणार नाही. काम झाल्यावर बाटलीत कोरडा आर्गॉन काही सेकंद सोडून झाकण लावा. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो बाटलीत बसून राहतो.

हे दर वेळी करण्याचा कंटाळा येणारच, आणि त्यावर एकच खरा उपाय मला सापडला आहे: नवी बाटली पहिल्यांदा उघडाल तेव्हाच तिचे एका प्रयोगाला पुरतील एवढे छोटे वाटे करून स्वतंत्र कुप्यांत भरा. मग मोठी बाटली वर्षातून दोन-चारदाच उघडते. विकरांच्या बाबतीत मात्र बाटली आधी गरम होऊ देण्याचा नियम उलट्या दिशेने वापरा. ५० टक्के ग्लिसरॉलमधली विकरे उणे २० अंशांना द्रवच राहतात, तेव्हा त्यांना खोलीच्या तापमानाला आणायचे नसते. थंड ठोकळ्यावर ठेवून हवे तेवढे घ्यायचे आणि लगेच परत ठेवायचे.

सेप्टम (सुई टोचता येणारे रबरी बूच) लावलेल्या बाटलीतून द्रव काढताना आधी आर्गॉनची सुई टोचा आणि मग सिरिंजने द्रव ओढा, नाहीतर काढलेल्या द्रवाच्या जागी बाहेरची दमट हवा सुईच्या भोकातून आत शिरते. काम झाल्यावर दोन्ही सुया काढा आणि वरचे झाकण लावा.

निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड, ॲसिटाइल क्लोराइड आणि त्यांची भावंडे उघडताना वेगळीच सावधगिरी हवी. दरम्यानच्या काळात आत ओलावा गेलेला असेल, तर हायड्रोजन क्लोराइडचा दाब साठलेला असतो. बाटली फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), त्याची काच खाली ओढून, चष्मा आणि हातमोजे घालून, तोंड स्वतःपासून दूर धरून सावकाश सैल करा. फस्स असा आवाज आला तर थांबा आणि दाब उतरू द्या. झाकण फुगलेले असेल, तर ती बाटली उघडूच नका. अनुभवी सहकाऱ्याला बोलवा.

७. अल्कली धातू

सोडियम आणि पोटॅशियम खनिज तेलाखाली पूर्ण बुडालेले असावेत. तेलाची पातळी महिन्यातून एकदा पाहा. लिथियमची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी असल्याने ते तेलावर तरंगते, म्हणून तेलाचा भरवसा न धरता ते आर्गॉनखाली ठेवावे. नायट्रोजन इथे चालत नाही, कारण लिथियम त्याच्याशीही अभिक्रिया करते. पोटॅशियमवर पिवळसर किंवा नारिंगी पापुद्रा दिसला, तर तो सुपरऑक्साइडचा असू शकतो. असा तुकडा कापायला किंवा खरवडायला जाऊ नये, स्फोट होऊ शकतो. या धातूंनी पेट घेतल्यास पाणी नको आणि कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामकही नको. कोरडी वाळू किंवा डी वर्गाचे अग्निशामकच वापरावे.

८. लेबलावर काय लिहायचे

रसायनाचे पूर्ण नाव, मिळाल्याची तारीख, पहिल्यांदा उघडल्याची तारीख, साठवणीचे तापमान आणि तुमचे नाव. यात उघडल्याची तारीख सर्वांत मोलाची आणि सर्वाधिक वेळा विसरली जाणारी आहे. डायएथिल ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान हवेच्या संपर्काने पेरॉक्साइडे तयार करतात, आणि बाटली कधी उघडली हे माहीत नसेल, तर ती किती धोकादायक झाली आहे हे कळायला मार्ग राहत नाही. अशा बाटल्या पेरॉक्साइडच्या चाचणीपट्टीने ठरावीक काळाने तपासा. फ्रीझरमधल्या कुप्यांवर साध्या पेनची शाई टिकत नाही, म्हणून थंडी सोसणारे लेबल वापरा.

९. वीज गेली तर

वीज जाण्याआधीच फ्रिजच्या दारावर एक छोटी यादी लावलेली असावी: कोणती बाटली आधी हलवायची, कुठे हलवायची आणि कोणाला कळवायचे. क्रम किमतीनुसार लावू नका. गरम झाल्यावर स्वतःहून विघटित होणारी रसायने पहिली, मग विकरे, मग बाकीची. वीज गेल्यावर दार उघडून ‘अजून थंड आहे ना’ असे पाहण्याचा मोह आवरा. कोरडा बर्फ वापरायचा असेल, तर त्याचे तापमान उणे ७८.५ अंश असते आणि त्यातून सतत कार्बन डायऑक्साइड सुटतो हे ध्यानात ठेवून तो कधीही घट्ट बंद डब्यात ठेवू नये आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. वीज आल्यावर कमाल तापमानाचा आकडा आधी नोंदवहीत लिहा आणि मगच तापमापक पूर्ववत करा. मी एकदा हा क्रम उलटा केला आणि अख्ख्या खणातली विकरे एकेक करून तपासत बसावे लागले.

१०. जुन्या बाटल्यांची झडती

दर सहा महिन्यांनी एक दुपार यासाठी राखून ठेवा. गुलाबी पडलेले जेल, फुगलेली किंवा गंजलेली झाकणे, रंग बदललेले द्रव, गठ्ठे झालेल्या पावडरी आणि लेबल पुसट झालेल्या बाटल्या वेगळ्या काढा. ईथरच्या बाटलीत किंवा तिच्या झाकणाभोवती स्फटिक दिसले, अथवा पिक्रिक ॲसिड सुकलेले आढळले, तर बाटली हलवू नका, झाकण फिरवू नका. खोली रिकामी करून सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. बाकीच्या टाकाऊ बाटल्याही सिंकमध्ये ओतायच्या नसतात, आणि पाण्याशी अभिक्रिया करणाऱ्या तर मुळीच नाहीत. त्यांचा गट लिहून त्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे सोपवा आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे तारीख घालून रेघ मारा.